माझी पाटी मीच नेते

२०१४ साली डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा ईसीजी बाजूला ठेवला. म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, ताई. तुम्हाला पॅनिक डिसऑर्डर आहे." म्हणजे अचानक जबर भीतीचा झटका येतो, छाती धडधडते, आता मरतोच असं वाटतं. मला तर रागच आला. छातीवर घण पडत होते आणि हा माणूस सांगतो, हृदय चांगलं!

सुरुवात मासळीबाजारातच झाली होती. पापलेटाचा भाव सांगता सांगता श्वास अडकला, हातपाय गार पडले. मग बाजार नको, रिक्षा नको, शेवटी वरोरच्या माझ्या घराचा उंबरा ओलांडणंही नको. याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. जिथून पटकन निसटता येणार नाही, अशा जागेची धास्ती. भांडणात कुणाला हार न जाणारी बाई मी, दाराआड बसले!

आमच्याकडे एखादी आजारी पडली की तिची मासळीची पाटी दुसरी बाजारात नेते, विकून पैसे आणून देते. माझी जाऊ रंजना माझी पाटी नेऊ लागली. सगळे तिचं कौतुक करत. डॉक्टरांनी मात्र तिलाच समोर बसवलं. "हिची पाटी उचलणं बंद करा. घरी बसून भागतंय, तोवर भीती वाढत जाणार."

रंजना भडकली. "मग काय, माणुसकी सोडू?"

"नाही. बरोबर जा. पण पाटी तिची तिलाच नेऊ द्या."

गोळ्या सुरू झाल्या, आणि एक्स्पोजर थेरपी. म्हणजे भीती वाटते तिथे थोडं थोडं जायचं आणि न पळता थांबायचं. भीती चढते तशी उतरतेही. पहिल्या दिवशी मी दारातच अडले. पाटी तिथेच राहिली, मांजरांची चंगळ झाली. रंजना रडली, पण तिने पाटीला हात लावला नाही. तिचे पाय धुवून पाणी प्यावं, एवढे तिचे उपकार! पुढे रिक्षास्टँडपर्यंत गेले, मग बाजाराच्या तोंडापर्यंत. एकदा तिथून पळूनही आले. शेवटी माझ्या जागेवर बसले, घाम पुसत, आणि एका गिऱ्हाइकाशी भावावरून अशी भांडले की रंजना समोरून ओरडली, "आली गं बाय, आली!"

पुढे डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. "झटका पुन्हा येऊ शकतो," त्यांनी सांगूनच ठेवलं होतं. "आला म्हणजे तुम्ही हरलात असं नाही." ज्यांना हे होतंय त्यांना मीही हेच सांगते. झटके कायमचे थांबतील मग बाहेर पडू, असं म्हणत बसू नका.

२०१९ मध्ये भाचीच्या लग्नाला अच्छाडला निघालो. तलासरीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत जीप अडकली. मी मधल्या सीटवर, दोन्हीकडे माणसं चेपलेली. झटका आलाच. तोंड कोरडं पडलं, मी पुढची सीट घट्ट धरली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "मावशी, खाली उतरता का? मोकळं वाटेल."

"उतरते कशाला? लग्नाला निघालेय मी!"

छाती धडधडत होती, तिला धडधडू दिलं. ओसरायचं तेव्हा ओसरलं. लग्नघरी पोचले आणि पहिल्याच पंगतीला बसून पोटभर जेवले.