कारणाचा रकाना

गल्लीत तिला कचेरीवाली म्हणत. समोर नाही, पाठीमागे. भाजीवाली तेवढी तोंडावर म्हणायची, "या कचेरीवाली, तुमच्यासाठी वरची निवडून ठेवलीय," आणि तळाची द्यायची.

तिला नोकरी लागली तेव्हा कचेरी आपल्याच सरकारची होती. मग परकी फौज आली आणि शहराबाहेर छावणी पडली. कचेरीवरची पाटी बदलली, साहेब बदलला, चहाचे कपसुद्धा बदलले. तिची खुर्ची आणि तिचं टाइपरायटर मात्र खिडकीशी होतं तिथंच राहिलं. "माझं काय, मी आपली टाइप करते," असं ती कुणी विचारायच्या आतच सांगून मोकळी व्हायची.

टायपिंग ती सायकलच्या दुकानावरच्या खोलीत शिकली होती, क्लासच्या बाईंकडे. बाई विधवा. पाच मशीनं आणि एक मुलगा एवढाच त्यांचा संसार. मुलगा शहरभरची टाइपरायटरं दुरुस्त करत हिंडायचा, म्हणून त्याला सगळे मशीनवाला म्हणत. बाई मुलींच्या हातांवर फडकं टाकून शिकवायच्या, म्हणजे नजर अक्षरांकडे जायला नको. हिची करंगळी कच्ची होती. बाईंनी महिनाभर तिला एका करंगळीनं एकच अक्षर पानंच्या पानं मारायला लावलं. कुठं खाडाखोड दिसली की पान फाडून हातात द्यायच्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून. कचेरीतली जागाही त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती.

घरी जेवणाच्या वेळी रोज एकच वाद असायचा. तिचा नवरा पाणीपुरवठ्यात होता. छावणीवाल्यांनी तिथं नवे पंप बसवल्यापासून तो त्यांच्यावर लट्टू होता. पूर्वी दिवसाआड पाणी यायचं, आता नळ सोडला की पाणी, हे कुणी केलं, डोंगरातल्या बंडवाल्यांनी का? बंडवाले भाडोत्री आहेत, कुणीतरी बाहेरून पैसे पुरवतं आणि हे खांब पाडतात, असं त्याचं ठाम मत. धाकटा दीर याच्या अगदी उलट. पाणी दिलं म्हणून काय घर लिहून द्यायचं का, असं तो विचारायचा. पण तो कामाला होता छावणीच्याच रस्त्यांच्या गोदामात, आणि त्याच्या पायात त्यांचेच बूट.

"बंडवाल्यांची बाजू घेताना बूट तरी काढत जा," नवरा म्हणायचा.

"काढतो की. मोज्यांना भोकं आहेत, वहिनींना बघवतील का विचार."

सासूबाईंना एका कानानं कमी ऐकू यायचं. तो कान कोणता, हे त्या विषय बघून ठरवत. त्या मधेच म्हणायच्या, पैशासाठी माणूस चोरी करेल, लबाडी करेल, पण पैशासाठी मरायला कशाला जाईल? मेल्यावर खर्च कोण करणार?

मग नवरा तिच्याकडे वळायचा. "अगं, तू सांग. तू रोज त्यांचे जबाब टाइप करतेस."

सगळ्यांचे हात थांबायचे. या घरात येऊन तिला चौदा वर्षं झाली होती आणि मीठ कमी पडलंय का, यापलीकडे तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. ती घास गिळून, जरा वेळ घेऊन सांगायची, "शंभरातले सत्तर पैशासाठी."

दीर मान खाली घालून जेवू लागायचा. पुढं हाच आकडा पेपरात छापून आला, तेव्हा नवऱ्यानं तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

हे सत्तर कुठून येतात, ते ती कुणाला सांगत नसे.

पकडलेल्या माणसाचा जबाब दुभाषी पेन्सिलीनं लिहून घ्यायचा. सोबत एक छापील कागद असे आणि त्यात नववा रकाना होता: कृत्यामागचं कारण. त्यात चार शब्द छापलेले. पैसा, सूड, दबाव, विचार. एकावर खूण करायची. दुभाषी दिवसाला तीस-तीस माणसं उरकायचा. तो निम्मे रकाने कोरे सोडून द्यायचा. कोरा कागद वरून परत यायचा आणि साहेब चिडायचा. मग दुभाष्यानं तिला एकदा हलक्या आवाजात सांगितलं, कोरं असेल तिथं पहिलाच शब्द धरत जा ना, कशाला दोघांच्या डोक्याला ताप. ती धरत गेली. कुणी गाडीभाड्यापुरते पैसे घेतले असं म्हणाला तरी पैसा, कुणी काहीच म्हणाला नाही तरी पैसा. महिन्याच्या शेवटी त्याची बेरीज व्हायची, साहेब ती वर पाठवायचा, आणि तीच फिरून पेपरातून तिच्या कपाटाच्या दारावर यायची.

रकाना दिसायला एवढासा, पण त्यावर माणसाचं पुढचं सगळं अवलंबून असायचं. पैसा किंवा दबाव असला की दोन वर्षं इथल्याच तुरुंगात, महिन्याला एक भेट. पैशासाठी आलेला माणूस पैशानं परतही वळवता येतो, असा छावणीवाल्यांचा हिशोब. विचार असला की पलीकडे. पलीकडे म्हणजे समुद्रापार, एवढंच माहीत होतं. तिथून अजून कुणी आलं नव्हतं, पत्रसुद्धा नाही.

एका सकाळी तिच्यासमोरच्या गठ्ठ्यात मशीनवाल्याचा जबाब आला. छावणीकडे जाणारी टेलिफोनची लाइन त्यानं चार खांबांवरून तोडली होती. मेलं कुणी नव्हतं. नवव्या रकान्यात दुभाष्यानं 'विचार'वर ठळक खूण केली होती, जणू एकदाचा नीट उत्तर देणारा माणूस भेटला म्हणून. जबाब एवढाच होता:

"तुम्ही रस्ते चांगले केलेत. दवाखाना चांगला आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन तिथंच झालं, डॉक्टर फार भला माणूस आहे. हे मी नाकारत नाही. तरी तुम्ही जावं असं मला वाटतं. मला कुणी पैसे दिले नाहीत, कुणी शिकवलं नाही. जा म्हणायला दुसरी काही सोय ठेवली असतीत तर मी तारा तोडल्या नसत्या."

तिनं तो दोनदा वाचला. तीन वर्षं तिच्या घरात ताटं वाळेपर्यंत वाद चालला होता, पण असं एकानंही म्हटलं नव्हतं. नवऱ्याला सगळं चांगलं दिसायचं आणि दिराला सगळं वाईट.

सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या असत. कोऱ्या कागदाच्या तळाशी माणूस सही करायचा आणि वरची जागा तिनं भरायची, अशी कचेरीतली सोय होती. मशीनवाल्याची सही खाली वळणदार बसली होती. तिनं कागद मशीनला लावला. पेन्सिलीची खूण रबरानं पुसली, पहिल्या शब्दावर केली. दुभाष्यानं लिहिलेला जबाबाचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि सहीच्या वर टाइप केलं, की एका अनोळखी इसमानं पैसे देऊ केले, मला गरज होती, म्हणून मी हे कृत्य केलं. एकही चूक झाली नाही. दुभाष्यानं न बघता गठ्ठ्यावर सही ठोकली.

त्या दिवशी ती घरी हलकी होऊन गेली. बाईंचं आपल्यावर एवढं होतं, त्यातलं थोडं आज फेडलं, असं तिला वाटलं. कधीतरी बाईंना कानात सांगू, असंही वाटलं. आणखी एक गोष्ट होती, ती तिनं स्वतःशी कबूल करायला बरीच वर्षं घेतली. ज्याच्या नावापुढे 'विचार' लिहिलं जाई त्याच्या घरची, ओळखीपाळखीची चौकशी व्हायची. बाईंच्या क्लासच्या जुन्या वह्या बाहेर आल्या असत्या आणि त्यात तिचंही नाव होतं. करंगळी उचलली तेव्हा हे तिच्या मनात नव्हतं असं नाही.

शिक्षा झालेल्यांची यादी चौकातल्या भिंतीवर लागायची, नावापुढे कारणासकट. नवरा ती वाचून आला तो विजयी मुद्रेनं.

"तो टाइपरायटरवाला ग, तुझ्या बाईंचा. साधा म्हणायचे ना सगळे? पैशासाठी."

 दिरानं ताटातलं नुसतं चिवडलं आणि उठला. सासूबाईंनी चांगला कान तिच्याकडे वळवून विचारलं, "खरंच का ग?"

"हो," ती म्हणाली, आणि आमटी गरम करायला आत गेली.

पुढच्या आठवड्यात बाईंचा निरोप आला. ती दुपारी गेली. मुलाला पकडलं तेव्हा बाईंचा क्लास आपोआप भरला होता. लोक काही न बोलता आपल्या मुली पाठवत होते, सायकलवाल्यानं जिन्याचा मोडका कठडा बसवून दिला होता. यादी लागल्यावर चार दिवसांत खोली रिकामी झाली. आता कोपऱ्यात एकच मुलगी अडखळत टाइप करत होती. बाईंनी तिला घरी पाठवलं आणि टेबलाच्या खणातून जबाबाची नक्कल काढली. तुरुंगातून मिळाली होती.

"भेटीत म्हणतो, आई, मी असं बोललोच नाही. मी म्हटलं, अरे सही तुझी आहे. तर म्हणतो, सही माझी, वरचं माझं नाही. हे कुणी मानावं? मी फार बोलले त्याला. म्हटलं, पैसे हवे होते तर मला सांगायचं, मी एक मशीन विकलं असतं." बाईंनी चष्मा काढला. "तू तिथंच असतेस. मला एवढंच सांग, असं होतं का कधी तिथं?"

 सांगायचं म्हणून ठरवलेलं सगळं जिभेवर होतं. ती म्हणाली, "नाही बाई. बोलतात तेच टाइप होतं."

बाईंनी मान हलवली. "वाटलंच मला," म्हणाल्या आणि कागद घडीवर घडी घालून ठेवून दिला.

अकरा दिवस तिनं काढले. कचेरीत गठ्ठा समोर आला की हात उचलवेना. घरी भाजी करपली, तर सासूबाई म्हणाल्या, लक्ष कुठं आहे, आणि ती त्यांच्यावर खेकसली, कधी नव्हे ते. बाराव्या दिवशी ती बाईंकडे गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रबराचं, सहीचं, पर्समधल्या कागदाचं. तो कागद टेबलावर ठेवला.

बाईंनी तो वाचला. मग नक्कल काढून दोन्ही शेजारी ठेवले आणि नकलेवरून बोट फिरवलं.

"खाडाखोड नाही कुठं," त्या म्हणाल्या.

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर तिनं ते प्रसाद म्हणून घेतलं असतं. तीच म्हणाली, "मी लिहून देते साहेबाला. मी बदललं म्हणून."

"मग काय होईल?"

"माझी नोकरी जाईल. कदाचित मलाही आत टाकतील."

"तुझं नाही विचारत."

"त्याला पलीकडे पाठवतील."

"तिथून कुणी आलंय?"

"अजून तरी नाही."

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली सायकलवाला चाकाची तार आवळत होता.  मग पर्समधला तो कागद त्यांनी उचलला, चुलीपाशी नेला आणि पेटवला. हाताला चटका बसेपर्यंत धरून ठेवला.

"राहू दे आहे तसं."

"पण त्याला तरी सांगा, की तुम्हाला कळलंय—"

"सांगितलं तर तो गप्प बसेल? उद्या साहेबापुढे जाऊन उभा राहील, माझं खरं लिहा म्हणून. नाही. आईचासुद्धा आपल्यावर विश्वास नाही, असंच वाटू दे त्याला. दोन वर्षं वाटू दे, सुटल्यावरही वाटू दे." त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू आता येत जाऊ नकोस."

सांगितल्यानं ओझं उतरेल, एवढ्यासाठी ती आली होती. जिना उतरताना तिला कळलं की ते उतरलं नव्हतं. निम्मं आपण वर ठेवून आलो, तेही म्हातारीच्या अंगावर.

दोन वर्षांनी मशीनवाला सुटला. शहरात त्याला कुणी काम देईना. ज्यांना छावणी नको होती ते त्याला भाडोत्री म्हणत, ज्यांना हवी होती त्यांना तो तुरुंगातून आलेला. शेवटी छावणीनंच बोलावलं. पैशानं वळणारा माणूस, कागदावर तसंच होतं. कचेरीतली मशीनं महिन्याला साफ करायचं काम दिलं. त्यानं आधी नाही म्हटलं, मग बाईंचा दुसरा डोळा गेला आणि तो आला.

तिच्या टेबलापाशी तो आला तेव्हा ती उठून उभी राहिली. दुसरी खुर्ची नव्हती. तो तिच्या खुर्चीत बसला, झाकण काढलं आणि टाचणीनं एकेका अक्षरातली घाण काढू लागला. केस कानापाशी पांढरे झाले होते.

"फार वापर आहे या मशीनला," तो म्हणाला.

"हो." मग काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं विचारलं, "बाई काय म्हणतात?"

तो टाचणी फडक्याला पुसत होता.

"काही म्हणत नाही. पूर्वी किती बोलायची, ताई, तुम्हाला माहीत आहे. आता मी समोर बसलो की तिकडे तोंड फिरवते. मी सांगत होतो तिला, पुष्कळ दिवस सांगत होतो. आता सोडून दिलं."

त्यानं झाकण बसवलं, एक ओळ मारून बघितली आणि काम झाल्याची पावती तिच्यापुढे सरकवली. तिनं खाली सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही.