गुणाजीकाका विसरले नव्हते

"दादा, बाबा गेले..." गुणाजीकाकांच्या सुलभाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मग म्हणाली, "सुटले म्हणायचं. त्यांचा स्वतःवरच भरवसा राहिला नव्हता." मी नुसतं "हो गं" म्हणालो. बाराव्याला लालबागच्या त्यांच्या खोलीत जमलेली माणसंही हेच बोलत होती, आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले, आणि याच माणसाची आठवण जावी! तिथेही मी मान हलवली. आज महिन्याने लिहितोय, कारण तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. गुणाजीकाकांची आठवण गेली नव्हती. ती गेलीय असं मी त्यांना पटवलं.

काका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि गिरणीतल्या हौशी नाटकांचे प्रॉम्प्टर होते. विंगेत वही घेऊन उभे राहायचे, पण वही मिटलेली. नट अडखळायच्या आधीच यांचं वाक्य त्याच्या कानात पोचलेलं असे. लहानपणी मी विचारलं होतं, तुम्हाला आधीच कसं कळतं? "त्याचो डोळो फिरलो की माका कळता," एवढंच उत्तर. गिरणी बंद पडल्यावर ते दादरला एका टायपिंगच्या दुकानात लागले आणि काळ्या पडद्यावरचा तो जुना वर्ड प्रोसेसर शिकले. नाटकाच्या वह्या तोवर वाळवीने खाल्ल्या होत्या. गिरणीतल्या मंडळींचं एक नाटक फक्त काकांच्या डोक्यात उरलं होतं. ऐंशीच्या घरात आल्यावर ते टाइप करायचं त्यांनी मनावर घेतलं.

थरथरत्या हाताला माउस जमेना, म्हणून मी ऑफिसातून काढून टाकलेलं एक मशीन आणलं आणि त्यावर त्यांचा तो जुना प्रोग्रॅम चढवला. वरच्या बटणांना पात्रं वाटून दिली. एक दाबलं की 'राजा', दुसरं दाबलं की 'प्रधान', शेवटच्या बटणावर 'पडदा पडतो'. काका खूश! "पडदो पाडूक दोन माणसा लागायची रे झिला, आता एक बोट पुरता." मग मी चार ओळींची एक फाइल लिहिली. मशीन सुरू केलं की ती आपोआप चालायची, आधी नाटकाची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायची आणि मग थेट नाटक उघडायची. पहिला अंक, अकरा पानं, माझ्यासमोर टाइप झाला होता. तेवढा पेन ड्राइव्हवर घेतला, ड्राइव्ह मशीनलाच लावून ठेवला आणि घाईघाईत शीवला घरी आलो.

दोन दिवसांनी काकांचा फोन. "अरे, काल केलेला खंय गेला?" मी म्हटलं, "काका, सेव्ह करायचं राहिलं असेल." परत फोन आला. परत मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, हे मला आजही ऐकू येतं... "काका, मशीन विसरत नाही हो, माणूस विसरतो!" त्यानंतर फोन आला नाही. मला बरंच वाटलं.

महिन्याभराने गेलो. ती चार ओळींची फाइल उघडली आणि एकेक ओळ परत वाचली. कुठून कुठे प्रत करायची, ते मी उलटं लिहिलं होतं. रोज सकाळी पेन ड्राइव्हवरची जुनी अकरा पानं कालच्या कामावर येऊन बसत होती. काका रोज दुसरा अंक पहिल्यापासून टाइप करत होते, आणि सकाळी मशीन तो पुसत होतं. मी ओळ सरळ केली. अर्धं मिनिट लागलं. काका मागे खुर्चीवर बसले होते. "म्हणजे मीच इसारत होतंय ना?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सुलभा चहा घेऊन उभी होती, आणि मी तिच्या नजरेत कॉम्प्युटरवाला दादा होतो... "वयाप्रमाणे होतं, काका," मी म्हणालो.

त्यांनी मशीनवर कापड टाकलं ते कायमचं. "माकाच काय ठाव नाय, तर लोकांका काय देऊ?" पुढची चार वर्षं गॅस बंद केला का, गोळी घेतली का, अगदी जेवलो का, हेही ते सुलभाला विचारून घेत. दरवेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि क्रिकेटवर बोलून परत यायचो. नाटक अकरा पानांवरच राहिलं. ते पुढे सांगू शकेल असं आता कुणी नाही.

गेल्या आठवड्यात सुलभाने कपाट आवरताना सापडलेली त्यांची एक शंभरपानी वही मला दिली. त्या महिन्यात दिवसाचं टायपिंग संपलं की ते त्या दिवशी टाइप केलेलं शेवटचं भाषण वहीत उतरवून ठेवत, सकाळी ताडून बघायला. सव्वीस पानं, सव्वीस वेळा प्रधानाचं तेच भाषण. मी ती एकमेकांशेजारी धरून वाचली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. प्रत्येक भाषणाखाली एक टीप आहे. सुरुवातीला, 'सेव्ह केलं.' मग, 'दोनदा सेव्ह केलं.' पुढे, 'सेव्ह केलं, सुलूला दाखवलं.' शेवटच्या पानावर अक्षर बारीक झालंय. 'सेव्ह केलं... बहुतेक.'