फ्लेक्सवरचं तोंड

कुरुळीच्या सोजराबाईला नायगाव बघायचं होतं, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली, गुरांमागं जायला माणूस नव्हतं म्हणून. पण लेक तेजलला तिनं दिराशी भांडून शिकवलं. पोर नर्स होऊन पिंपरीत कामाला लागली, त्या दिवशी सोजराबाईनं भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो टांगला. कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटताना ती म्हणायची, "एकदा माईचं घर डोळ्यांनी बघून येते."

म्हणून निवडणुकीच्या तोंडावर एका इच्छुक भाऊंनी बायकांची फुकट सहल काढली, तेव्हा तिनं सुट्टी टाकून सगळ्यांत आधी नाव दिलं. शेजारच्या ताजुन्निसालाही ओढलं.

गाडी सुटता सुटता ऊन डोक्यावर आलं. नारळ भाऊंच्या हातून फुटायचा होता आणि भाऊ उठलेच नव्हते. वाटेत कार्यकर्ते खिडकीतून गुटख्याच्या पिचकाऱ्या मारत होते. एक शिंतोडा सोजराबाईच्या पदरावर आला. कुणी गाडी थांबवा म्हटलं, की "पुढं बघू." तिनं नाकाला पदर लावला. माईच्या दारात गेलं की सगळं निवंल, असं स्वतःला समजावलं.

नायगावात उतरल्या उतरल्या बायकांना पिवळे फेटे बांधले. हातात भाऊंची पोस्टरं देऊन रस्त्यातच रांगेत उभं केलं.

"हसा की! माहेरी आल्यासारखं हसा!" फोटोवाला ओरडला.

भाऊ आपल्या गाडीतून आले, मधोमध हात जोडून उभे राहिले. माईच्या घराकडं त्यांची पाठ होती. फोटो झाला तशी शिट्टी वाजली.

"चला, बसा गाडीत."

"अन् घर?" सोजराबाईनं विचारलं.

"फोटो झाला ना मावशी? भाऊंना लग्न गाठायचंय," एक कार्यकर्ता म्हणाला.

"मी फोटोला न्हाई आले."

"फुकटात आणलंय, वर तोंड करून बोलता?"

बोलताना त्याच्या तोंडातला लाल चोथा दिसला. फेटा उपसून तिनं त्याच्या हातात कोंबला.

"ताजू, चल गं आत."

"गाडी जाईल, आक्का."

"जाऊ दे."

दोघी घरात गेल्या. बाहेर हॉर्न वाजत राहिला, मग थांबला. सोजराबाईनं भिंतीला हात लावला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. रस्त्यावरचा तमाशाच डोळ्यांपुढून हलेना.

"माईच्या दारात बी ह्यांना आपलंच थोबाड मिरवायचं," ती पुटपुटली.

ताजुन्निसा म्हणाली, "तिच्यावर शेण फेकणारे निदान समोरून तरी फेकायचे."

एसट्या बदलत दोघी घरी परतल्या.

पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला: 'भाऊंनी मातांना घडवलं माईंचं दर्शन'. भाऊंचा चेहरा परातीएवढा आणि सावित्रीबाई कोपऱ्यात, टिकलीएवढ्या. खाली ओळीनं पिवळे फेटे. त्यात सोजराबाई, कसनुसं हसणारी. बघता बघता तिला स्वतःचीच शिसारी आली. सकाळच्या शिफ्टची माणसं बसची वाट बघत उभी असतानाच ती ताजुन्निसाची कात्री घेऊन आली.

"मावशी, भाऊ चिडतील!" पानवाला पिंटू टपरीतून ओरडला.

"चिडू दे. माझं तोंड हाय, मी नेते."

तिनं आपलं तोंड कापलं, शेजारचं ताजुन्निसाचं कापलं. भाऊंच्या खाली दोन भोकं पडली. तेवढ्यात घंटागाडी आली. दोन्ही तुकडे तिनं त्यात टाकले आणि कँटीनला गेली. कणकेत हात घालण्याआधी मात्र तिनं ते साबणानं दोनदा धुतले.