दम बघणारी माणसं

बडबड्या माणसाचे किस्से पुष्कळ असतात, पण त्यातले निम्मे त्यानेच रचलेले असतात. गप्प बसणाऱ्याचं तसं नाही. तो काहीच सांगत नाही, त्यामुळं जे घडतं ते बघणाऱ्याजवळ साचत जातं. लढाई संपल्यावर आमच्या गावच्या तालमीत आम्ही पाच जण रोज सकाळी गप्प बसायचो. त्या गप्प बसण्याचे किस्से माझ्याजवळ इतके साठलेत, की कुणी चहाला बसवून घेतलं की एखादा आपसूक बाहेर पडतो.

गाव आमचं वाईच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. घरटी एक माणूस पलटणीत. लढाई संपली तशी माणसं एकेक करून परत आली. हातपाय शाबूत असले की गाव म्हणायचं, नशीबवान, काही न होता आला. आमचे सगळे किस्से या काही न होता आलेल्यांचेच.

ध्यान हा शब्द आम्ही वापरत नव्हतो. ते ऋषीमुनींचं काम. आमच्याकडं श्वासाला दम म्हणतात. आम्ही घरी सांगायचो, दम बघायला चाललो.

*

सुरुवात माझ्यापासूनच झाली. मी नामदेव. बर्माच्या रस्त्यावर मिलिटरीची लॉरी चालवायचो. परत आल्यावर साताऱ्याच्या एका मालकानं मला त्याच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर म्हणून ठेवलं. सातारा, वाई, पाचगणी अशी फेरी. घाट चढताना काही व्हायचं नाही. उतरताना वळणावर दरी उघडी पडली की छाती आवळायची. बर्मात अशाच एका वळणावरून माझ्या पुढची लॉरी माणसांसकट खाली गेली होती, आणि वाट अडू नये म्हणून न थांबता पुढं जायचा मला हुकूम होता.

एका सकाळी पाचगणीहून उतरताना हात स्टेअरिंगला चिकटले. दम पुरेना. कशीबशी मोटार कडेला घेतली, ब्रेक लावला आणि खाली उतरून कठड्याशी बसलो. लोकांना वाटलं इंजिन तापलं. कंडक्टरनं बॉनेटसुद्धा उघडलं.

मोटारीत आमच्याच गावचे सुभेदार होते. पांढऱ्या मिशा, एका पायानं लंगडत चालायचे. त्यांचा भाऊ पाचगणीच्या एका शाळेत आचारी होता, त्याला भेटून परत निघाले होते. ते उतरले, माझ्या शेजारी मांडी घालून बसले. काय झालं म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "नामा, दम धरू नगं, ढकलू बी नगं. कुठनं येतोय आन कुठं जातोय, नुसता बघ."

आणि स्वतः डोळे मिटून बसले. मीही मिटले. मोटारीत कुजबूज सुरू झाली. खिडकीतून एका म्हातारीनं विचारलं, "डायवरच्या अंगात आलं का काय?"

सुभेदार डोळे न उघडता म्हणाले, "आलं न्हाई, आजी. गेलंय. माघारी येतंय, जरा थांबा."

अख्खी मोटार थांबली. मग मी पहिल्या गिअरमध्ये वाईपर्यंत उतरलो. गावात मोटारीतून पाय खाली टाकताना सुभेदारांनी सांगितलं, उद्यापासून सकाळी तालमीत ये. मी विचारलं, रोज यायचं?

म्हणाले, "घाट रोज हाय न्हवं?"

*

सुभेदारांना हे कुणी शिकवलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. बर्मात त्यांच्या मांडीत गोळी शिरली होती. स्ट्रेचर येईपर्यंत काही दिवस त्यांना एका खेड्यातल्या मठात ठेवलं होतं. तिथं एक म्हातारा फुंगी होता, म्हणजे तिकडचा साधू. विमानाचा आवाज आला की सुभेदार ओरडायचे. मग तो म्हातारा शेजारी येऊन बसायचा. आपल्या नाकाखाली बोट धरायचा, मग सुभेदारांच्या नाकाखाली धरायचा. सगळी शिकवण एवढीच. त्याला आपली भाषा येत नव्हती, यांना त्याची.

आम्ही म्हणालो, मग कळलं कसं?

"भाषा येत न्हवती म्हनून कळलं," सुभेदार म्हणाले. "येत असती तर वाद घातला असता."

निघताना त्यांनी आपलं ब्लँकेट म्हाताऱ्याला दिलं. पुढं पायाची जखम भरल्यावर पलटणीबरोबर त्याच वाटेनं गेले, तेव्हा मठाच्या जागी राख होती. आमच्यातल्या शिदूनं विचारलं, तोफा कुणाच्या होत्या, आपल्या का जपान्यांच्या?

सुभेदारांनी दुखरा पाय हातानं उचलून सरळ केला. मग म्हणाले, "त्ये मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर पुन्यांदा बसता आलं नसतं."

*

हा शिदू तोफखान्यातला. इटलीत होता, एका कानानं बहिरा होऊन आला. त्याला झोप म्हणून नव्हती. अंगणात फेऱ्या मारायचा, पहाटेपर्यंत.

तालमीत पहिल्याच दिवशी तो भिंतीला टेकून बसला आणि थोड्या वेळात घोरायला लागला. आमच्यातला इब्राम मुलाणी हसून त्याला कोपर मारणार, तर सुभेदारांनी त्याचा हात धरला. आमचं बसणं आटोपलं तरी शिदू तसाच. तालीम उन्हानं भरली. पोरं कुस्ती खेळायला आली, त्यांना सुभेदारांनी परत पाठवलं.

शेवटी शिदूची बायको सोनाबाई त्याला शोधत आली. हातात म्हशी हाकायची काठी. म्हशी दावणीलाच खोळंबल्या होत्या, तोंडाचा पट्टा चालू होता. दारात आली आणि गप्प झाली. कितीतरी वेळ नवऱ्याकडं बघत उभी राहिली.

"घरला आल्यापास्नं घोरलं न्हवतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, घोरणं बी तिकडंच ऱ्हायलं."

मग काठी बगलेत मारून वळली. "उठवू नगा. म्हशी मी सोडते."

*

तरी सवय काही एका दिवसात लागली नाही. पाय मुंग्या येऊन बधीर व्हायचे. कुणाला जुनं दिसायचं आणि तो उठून बाहेर जायचा. सुगीच्या दिवसांत वेळ मिळायचा नाही. शिदू एकदा कुरकुरला, की तात्या, माझं मन काही लागत नाही, मी कशाला येऊ? आम्ही सुभेदारांना तात्या म्हणायचो.

तात्या म्हणाले, "मन लागो न लागो, बूड लागलं पायजे."

हे वाक्य गावात इतकं फिरलं, की शाळेतले मास्तर ते पोरांना ऐकवायला लागले. कुठून आलं ते मास्तरांना कुणी सांगितलं नाही.

*

इब्रामचं निराळं. जत्रेत देवीचे बोकड कापायचा मान त्याच्या घराण्याकडं. आज्यानं केलं, बापानं केलं, पुढं इब्रामनं करायचं. तो आफ्रिकेच्या वाळवंटातून परत आला आणि त्याच वर्षी जत्रेत सुरी धरताना त्याचा हात असा थरथरायला लागला, की बापानं सगळ्या गावासमोर सुरी काढून घेतली. कोपऱ्याकोपऱ्यावर टिंगल झाली. म्हणून तो तालमीत यायला लागला. हात थांबावा, एवढीच त्याची मागणी होती.

वर्षभर एकही दिवस चुकला नाही. सणाला नाही, तापातही नाही. हळूहळू हात थांबला. चहाची कपबशी उचलली तरी वाजायची नाही. पुढची जत्रा आली तसे आम्ही मुद्दाम पुढं जाऊन उभे राहिलो. म्हातारा बापही लेकाकडं बघत होता.

इब्रामनं सुरी घेतली. हात दगडासारखा स्थिर. बोकडाच्या मानेवरून त्यानं एकदा हात फिरवला आणि सुरी धाकट्या भावाच्या हातात दिली.

परतताना मी विचारलं, आता काय झालं?

"हात थरथरायचा तवर कापता येत न्हवतं," तो म्हणाला. "आता कापता येतंय, पर कापू वाटत न्हाई."

बाप त्याच्याशी पुढं मरेपर्यंत बोलला नाही. तरी इब्राम रोज त्याचे पाय चेपायचा. म्हातारा भिंतीकडं तोंड करून पाय पुढं करायचा.

*

सुभेदारांच्या पुतण्याचं लग्न सांगलीला होतं, आम्ही सगळे वऱ्हाडात. मुलीकडचे पैसेवाले, हळदीचे व्यापारी. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, आणि मांडवाच्या तोंडाशी मुलीच्या मामानं हौसेनं बार उडवले. दणादण.

शिदू घोड्याच्या शेजारून चालत होता. पहिल्या बाराला तो थिजला. दुसऱ्या बाराला त्यानं नवरदेवाला कमरेला धरून घोड्यावरून ओढला, रस्त्यावर पालथा पाडला आणि त्याच्यावर आडवा पडला. मुंडावळ्या तुटल्या, बँड थांबला. बायका ओरडल्या. शिदू काही केल्या हलेना. नवरदेवाचं डोकं त्यानं छातीखाली दाबून धरलं होतं.

सुभेदार गेले आणि त्या दोघांच्या शेजारी भर रस्त्यात मांडी घालून बसले. डोळे मिटले. मग इब्राम बसला, मी बसलो. धुळीत, नव्या धोतरांनिशी. सगळी वरात आमच्याभोवती गोळा झाली. हळूहळू शिदूचा दम खाली बसल्याचं ऐकू आलं आणि त्याचे हात सुटले.

मुलीचा बाप लालबुंद झाला होता. ही कसली रीत, म्हणून त्यानं विचारलं. सुभेदार धोतर झटकत म्हणाले, "आमच्याकडची हाय."

तिथं भांडणच व्हायचं. पण मुलीची आजी काठी टेकत पुढं आली. कपडे फाटलेल्या नवरदेवाकडं तिनं बघितलं, मग तोंड लपवून बसलेल्या शिदूकडं.

"जावयावर अंग टाकणारी माणसं हायती," ती लेकाला म्हणाली. "पोर आपली सुखात पडली. चला, मुहूर्त टळतोय."

शिदू जेवायला बसला नाही. त्याचं ताट त्या आजीनं बाहेर आणून दिलं.

*

आमच्यातला पाचवा आनंदा. तो सगळ्यांच्या शेवटी गावात आला, कारण तो सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत होता. मोटारीतून उतरला तेव्हा त्याची बायको हौसा त्याला ओळखू शकली नाही. हाडांवर नुसता सदरा अडकवल्यासारखा दिसत होता.

सुभेदारांनी त्यालाही तालमीत आणला. तो आला, पण डोळे मिटेना. दारातल्या पायरीशी आमच्याकडं तोंड करून बसायचा, डोळे टक्क उघडे. तात्यांनी एकदा समजावून सांगितलं, की नुसते मिटून तर बघ.

आनंदा म्हणाला, "तात्या, तिकडं डोळं मिटून उघडलं की शेजारचा नसायचा."

पुन्हा त्याला कुणी आग्रह केला नाही. तो रोज यायचा, तसाच बसायचा. जरा अंग धरलं. कधीकधी हसायचाही. आम्हाला वाटलं, त्याचं त्याला लागू पडतंय. उघड्या डोळ्यांनी का होईना.

पावसाळ्याचे दिवस होते, नदी दुथडी भरलेली. एका सकाळी आम्ही दम बघून डोळे उघडले, तर पायरी रिकामी. वाटलं, शेताकडं गेला असेल. दुपारपर्यंत हौसा सगळ्यांच्या दारात जाऊन आली. दोन दिवसांनी खालच्या गावच्या लोकांनी निरोप पाठवला, की नदीकाठच्या बाभळीला माणूस अडकलाय. ओळखायला मी आणि इब्राम गेलो.

त्यानंतर तालमीत कुणी गेलं नाही. सुभेदारांनी अंथरूण धरलं. आम्ही संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो, तर ते छपराकडं बघत पडून राहायचे. शिदूच्या अंगणातल्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मी मोटारीवर रजा टाकली. खरं तर घाटाची भीती होती, पण मालकाला पोटदुखी सांगितली.

आनंदाचं दहावं-तेरावं झालं आणि हौसा सुभेदारांच्या ओसरीवर आली. आम्ही तिघं तिथंच होतो. तिनं पदर आवळून घेतला होता. रडली नाही.

"तात्या, तुमास्नी म्हाईत हाय का, त्यो घरातनं निघताना काय सांगायचा?" तिनं विचारलं.

सुभेदार उठून बसले.

"म्हनायचा, मी पहाऱ्यावर चाललोय. चार मानसं डोळं मिटून बसत्यात, एकानं तरी जागं पायजे. ताप असला तरी जायाचा. मी अडवलं की म्हनायचा, तितं लोकं माझ्या जिवावर डोळं मिटत्यात."

सुभेदार मान खाली घालून म्हणाले, "पोरी, आमास्नी कळलं न्हाई."

"कसं कळंल?" हौसा म्हणाली. "डोळं मिटल्यालं व्हतं."

ती उठली. जाताना एवढंच म्हणाली, की उद्या सकाळी तालमीत या.

आम्ही गेलो. नाही म्हणायची छाती कुणालाच झाली नाही. सुभेदारांना शिदूनं धरून आणलं. आम्ही आपापल्या जागी बसलो, पण डोळे मिटेनात. एकमेकांकडं बघायचीही लाज वाटत होती. बाहेर नदीचा आवाज चालूच होता.

हौसा आली. डोक्यावरची पाटी तिनं दाराबाहेर उतरवली, पायरीशी आमच्याकडं तोंड करून मांडी घालून बसली, आणि आम्हा चौघांवरून एकेक करून नजर फिरवली.

"मिटा," ती म्हणाली. "मी हाय."