न हसणारा जेलर

माझा मामा जेलर होता. खऱ्या तुरुंगातला नाही, परदेशी प्रवाशांसाठी काढलेल्या एका बारमधला. तिथे टेबलांऐवजी कोठड्या आहेत. पाहुणा आला की त्याच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा चढवायचा, हातात प्लास्टिकच्या बेड्या अडकवायच्या आणि गजांआड बसवून पत्र्याच्या मगातून बिअर द्यायची. लोक सुट्ट्या काढून, विमानात बसून, स्वतःला कोंडून घ्यायला येतात. मामी म्हणते, ही सोय घरोघरी असते, एवढं तिकीट कशाला काढायचं.

मामा आधी पार्सल ऑफिसात होता. ते बंद पडलं, आणि ही नोकरी त्याला निव्वळ तोंडावर मिळाली. त्याचा चेहरा जन्मापासून मयताला आल्यासारखा. मालकाने बघताक्षणी पसंत केला.

कैद्याला आत टाकण्यापूर्वी त्याने खर्जात दोनच प्रश्न विचारायचे. "गुन्हा?" आणि "शेवटची इच्छा?" पाहुणे काहीबाही सांगायचे. एकाचा गुन्हा सासूला विमानतळावर विसरल्याचा, तर एकीची शेवटची इच्छा आणखी बर्फ.

पण मुख्य नियम वेगळाच. जेलरने हसायचं नाही. तो हसला तर सगळ्या कोठडीला फुकट बिअर, असा दारावर फलकच होता. जे फलकावर नव्हतं ते असं, की हसलेल्या जेलरने दुसऱ्या दिवशी यायचं नाही. आधीचा जेलर एका म्हाताऱ्याच्या शिंकेवर गेला. म्हणून मामाच्या तोंडासमोर चांगली शिकलेली माणसं गाढवासारखी ओरडायची, नाकात नळ्या खुपसायची, आणि मामा आपला भिंतीसारखा उभा.

घरी आला की तो बूट काढून बादलीत पाय सोडून बसायचा. हसणं घरीही बंद. हसू म्हणजे खोकल्यासारखं, म्हणायचा, सवय लागली की जागा बघत नाही. मी एकदा त्याच्या मालकाची नक्कल केली. "म्हणजे कसंय बघा" म्हणत पोटावरचा पट्टा वर ओढणारा मालक बघून शेजारच्या काकूंना ठसका लागला. मामा ओले पाय घेऊन गॅलरीत निघून गेला.

मामीने त्याच्याशी लग्न केलं ते हसण्यासाठी. तिचं म्हणणं, चेहरा मयताचा पण हसू वरातीचं, असा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. ते हसू ऐकून आता किती काळ लोटला हे तिला आठवेना. शेवटी ती म्हणाली, तुरुंग तिथे आणि शिक्षा मला, मी चालले भावाकडे, परत कधी येईन विचारू नका. मामा बादलीत बघत म्हणाला, बरं.

त्या 'बरं'ने ती रात्रभर जागी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बॅग घेऊन निघाली, पण आधी बारवर गेली. मीही मागोमाग. मला काही आत सोडेनात, म्हणून मी दारातूनच बघत राहिले. मामी पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिली, मुकाट्याने सदरा घातला, बेड्यांसाठी हात पुढे केले. मामाने तिला पाहून टोपी सरळ केली आणि नेहमीचा खर्ज लावला.

"गुन्हा?"

"तो कळलेला नाही. शिक्षा चालू आहे."

पाहुण्यांना मराठीतला एक शब्द कळला नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"शेवटची इच्छा?"

"एकदा हसा. मग जाते."

मामाने मालकाकडे पाहिलं. मालक काउंटरमागून मानेनेच नको नको करत होता. मामाने किल्ल्यांचा जुडगा स्टुलावर ठेवला, टोपी काढली आणि तोंड उघडलं. गाल वर गेले, दात दिसले, आवाज मात्र नाही. पुन्हा जोर लावला. गारठलेल्या स्कूटरला किक मारत राहावी तसं चाललं होतं. एक पाहुणा हसायला लागला आणि मधेच गप्प झाला.

"येत नाही गं," मामा म्हणाला. खर्जात नाही, घरच्या आवाजात.

मामीने हातातल्या बेड्या ओढून काढल्या. मग म्हणाली, "घरी चला."

मालक पट्टा सावरत धावत आला. म्हणजे कसंय बघा, मामा हसलाच नाही, तेव्हा नियम काही मोडला नाही, उलट खेळ झकास जमला, वहिनींनी रोज यावं, त्यांनाही कामावर ठेवतो. मामाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पहिल्या दिवशी काढलेल्या माझ्या चपला कुठे ठेवल्यात.

मामी सदरा काढायला विसरली होती. त्यामुळे बसमध्ये एक जेलर चपला घालून एका कैद्याला बॅगेसकट कुठेतरी पोचवायला निघालाय असं दिसत होतं. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. मामी खिडकीला डोकं टेकून झोपली, मामा तिच्या डोक्यावर डोकं ठेवून.

आता मामा घरी असतो, काम शोधतो. मामीची बॅग कपाटावर गेली, पण रिकामी केलेली नाही. काल मी पुन्हा मालकाची नक्कल केली, पट्ट्यासकट. मामा या वेळी उठून गेला नाही. शेवटपर्यंत बघत बसला, आणि मग त्याने हीऽऽ एवढी मोठी जांभई दिली.

मामी म्हणाली, चला, तोंड तरी उघडलं.