तिच्या रायफलीसाठी डाय

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला नोकरीत असताना एका सहकाऱ्याबरोबर नेमबाजीच्या दुकानात गेलो होतो. तिथे एक आजोबा वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्यासाठी डाय, म्हणजे काडतुसाची रिकामी पुंगळी दाबून मापात आणणारा साचा, निवडत होते.

"हा फक्त पुंगळीचं तोंड आवळतो. नेम जास्त अचूक लागेल," दुकानदार म्हणाला.

आजोबांनी तो हळूच बाजूला सारला आणि अख्खी पुंगळी मापात आणणारा डाय उचलला.

मी कुतूहलाने बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "बायको नेमबाज आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्या उजव्या हातात जोर नाही, म्हणून आपोआप भरणारी रायफल घेतली. नुसतं तोंड आवळलेलं काडतूस तिच्यात अडकू शकतं, आणि अडकलं की बायकोला मला हाक मारावी लागते. ते तिच्या जिवावर येतं."

"आणि नेम?" मी विचारलं.

"तो तिचा ती बघेल."

मी कारखान्यात रोज डायच तपासायचो. कुणाचा मान राहावा म्हणून निवडलेलं माप मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.