डोमाजींचा आवाज

आंधळगावच्या तलावाच्या पाळीवर रोज सकाळी एक माणूस उभा राहून पलीकडच्या काठाशी भांडायचा. नवख्याला वाटायचं, याला वेड लागलं. ते आमच्या शेजारचे डोमाजी, झाडीपट्टीच्या नाटकांतले हिरो. एक संवाद फेकायचा आणि समोरच्या काठावरच्या बगळ्यांकडे बघायचं. बगळे उडाले की दुपट्टा खांद्यावर टाकून घरी. नाही उडाले तर तोच संवाद पुन्हा. "बगळे उठले, म्हंजे मागच्या रांगेतल्या म्हातारीले आयकू गेलं," असं ते म्हणायचे.

ही म्हातारी खरी होती. डोमाजींचं पहिलंच नाटक, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं. मिसरूड फुटलेला पोरगा शिपायाच्या कामात तोंडातल्या तोंडात बोलत होता. मागून, जमिनीवर बसलेल्या बायांतून एक म्हातारी उठून ओरडली, "अबे, जोरानं बोल न! मी का तुह्यं तोंड पाह्याले आली?" मंडप हसला. डोमाजींनी नाटक थांबवलं, तिला हात जोडले आणि वाक्य पुन्हा म्हटलं. मला सांगताना नेहमी शेवटी म्हणायचे, "तिले लिवता-वाचता येत नव्हतं. पन नाही समजलं तं नाही समजलं म्हनाची तिची हिंमत होती."

मी त्यांना काकाजी म्हणायचे. पावसाळाभर ते मागावर कोशाचं रेशमी कापड विणायचे आणि दिवाळी झाली की होळीपर्यंत स्टेजवर. तीसेक वर्षं हिरो. वरठीच्या कारखान्यातून सुटलेली माणसं त्यांना पाहून सायकली थांबवायची. साकोलीच्या बसस्टँडवर त्यांच्या चहाचे पैसे कोणी घेत नसे. पण एका गोष्टीवर ते कायम धुसफुसत. आमच्या नाटकांत हिरो पुस्तकी मराठी बोलतो, घरची बोली फक्त विनोदी पात्राला. "राजा मरते तं पुस्तकातल्या भाषेत मरते," ते म्हणायचे. "आपल्या भाषेत फक्त धोतर सुटते."

म्हणून सिनेमावाले आले तेव्हा ते हुरळले. साकोलीकडे जंगलात शूटिंग होतं आणि हिरोच्या बापाचं काम करायला माणूस हवा होता. दिग्दर्शकानं त्यांचा उन्हानं रापलेला चेहरा पाहिला आणि म्हणाला, "काका, आम्हाला अस्सल माणूस हवाय. घरी बोलता तसंच बोला."

करारनामा घेऊन काकाजी आमच्याकडे आले. चार पानं, सगळी इंग्रजीत. मी तेव्हा नुकतीच बीए झाले होते. आमच्या घराण्यात पहिली. बाबांनी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते आणि काकाजींनी माझं नावच 'बीए' ठेवलं होतं.

"ए बीए, वाच तं. काय लिवलं हाय?"

बाबा शेजारी उभे होते, आई दारात. मी पानं उलटली. निम्मं समजलं, निम्मं नाही. तिसऱ्या पानावर आवाजाबद्दल काहीतरी लांबलचक होतं. मी त्यावरून नजर तशीच पुढं नेली आणि म्हटलं, "सगळं ठीक आहे काकाजी. करा सही."

त्यांनी केली.

शूटिंगहून आले ते वेगळेच माणूस होऊन. माग सोडून आमच्या ओट्यावर बसले. "बीए, मेलेल्या पोराजवळ बसाचा सीन होता. म्या म्हटलं, 'ऊठ न गा बाबू.' बस, येवढंच. लाईटवाला रडून राहिला होता व पोरी! आपल्या बोलीत पह्यल्यांदा कोनी रडलं."

सिनेमा भंडाऱ्याला लागला. दुपारच्या खेळाला आंधळगावातून दोन टेम्पो भरून गेले. काकाजी इस्त्रीचा सदरा घालून मधल्या रांगेत, शेजारी त्यांची बायको, शेवंताकाकी. तो प्रसंग आला. पडद्यावर काकाजींचा चेहरा, काकाजींचे हात. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून कोणीतरी गुळगुळीत, शहरी माणूस बोलला, "बाळा, ऊठ रे."

त्यांच्याच कंपनीतला विनोदी नट मागून ओरडला, "डोमाजी, तुह्या पोटात कोन बसला गा?"

सगळं थिएटर हसलं. पोराच्या प्रेतावर बाप रडतोय आणि आमचीच माणसं खदखदून हसताहेत. मला आजही त्या हसण्याचा राग येतो. त्याहून जास्त राग त्या सिनेमावाल्यांचा. आमचं ऊन चालतं, आमचं जंगल चालतं, आमच्या सुरकुत्या चालतात. जीभ तेवढी चालत नाही. म्हणे लोकांना समजणार नाही! 'ऊठ न गा' कोणाला समजत नाही?

दुसऱ्या दिवशी काकाजी पाळीवर गेले नाहीत. आमच्याकडे आले.

"बीए, त्या कागदात असं होतं काय?"

"होतं," मी म्हटलं. "दुसऱ्याचा आवाज घालू शकतो, असं होतं. मला तेव्हा समजलं नव्हतं."

ते ओट्यावर बसले. आवाज चढला नाही, याचंच मला जास्त लागलं. "मंग म्हनाचं होतं न, समजलं नाही. आपन दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतं. ते म्हातारी अंगूठाछाप होती, तरी ओरडली. तू तं बीए हायेस. काहून नाही ओरडली?"

काकाजी पुढचे दोन हंगाम स्टेजवर उभे राहिले, माझ्याशी बोलतही राहिले. पण पाळीवर पुन्हा गेले नाहीत. यंदा मागावर बसल्याबसल्याच गेले.

शोकसभा शाळेच्या पटांगणावर, सकाळची. मोठमोठे पुढारी, मोठमोठे स्पीकर. 'सिनेअभिनेते' असा फलक. ज्यांनी त्यांचं नाटक कधी पाहिलं नाही, ते नाट्यसेवेवर बोलले. मग निवेदक म्हणाला, "आता ऐकू या आपल्या लाडक्या कलावंताचा आवाज." आणि स्पीकरमधून आलं, "बाळा, ऊठ रे."

मी अगदी मागच्या रांगेत होते. उठले आणि ओरडले, "बंद करा! हा आवाज त्यांचा नाही!"

"ताई, कार्यक्रमानंतर बोला."

"आत्ताच बोलणार. बंद करा!"

पुढारी हार घेऊन फोटोकडे निघाले होते. पुढच्या खुर्चीतून शेवंताकाकी उठल्या. "साहेब, ज्याचा आवाज हाय त्यालेच घाला न हार. माह्या मानसाले कायले घालता?" स्पीकर बंद झाला. काकी मागे वळल्या. "आयकू आलं व पोरी. ये इकडं. सांग सगळ्याईले."

मी पुढे गेले. कागदाचं सांगितलं. तिसऱ्या पानाचं सांगितलं. मी काय वाचलं नाही आणि का गप्प राहिले, तेही बाबांसमोर सांगितलं. मग काकाजी खरं काय म्हणाले होते, ते म्हटलं.

"ऊठ न गा बाबू."

निवेदकानं माईक पुढं केला होता. मी तो घेतला नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी मान डोलावत होती. तिला ऐकू गेलं होतं.